वहीत शहात्तर हजार नफा, डब्यात अकरा हजार

मी कराडात छोट्या धंद्यांचे हिशेब आणि कराची कामं बघतो. खाली लिहिलेलं प्रकरण माझ्याच टेबलावर आलेलं आहे. ज्यांचं आहे त्यांना विचारून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि आकडे जरा गोल केलेत, पण एका आकड्याचं दुसऱ्याशी असलेलं नातं तसंच ठेवलंय. यात एक चुकीचा सल्ला माझाही आहे, तो पुढे येईल.

पार्श्वभूमी

कराड तालुक्यातल्या एका गावातल्या दोघी जावा. थोरलीच्या नवऱ्याची पुण्यातली नोकरी २०२० च्या टाळेबंदीत गेली आणि ते कुटुंब गावी परतलं. धाकटीचा संसार आधीपासून गावातच. थोडी शेती, दोन म्हशी. २०२१ च्या उन्हाळ्यात घरची वर्षाची चटणी करताना थोरलीनं पुण्यातल्या जुन्या शेजारणींसाठी म्हणून जरा जास्त केली. (कांदा-लसूण मसाल्याला आमच्याकडे चटणीच म्हणतात. पुढेही तोच शब्द वापरतो.) साठ किलो बघता बघता संपली. दुसऱ्या वर्षी चारशे किलो केली, तीही गेली. २०२३ मध्ये दोघींनी अकराशे किलोची उडी मारली.

या धंद्याची घडण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण सगळा पेच तिथेच आहे. चटणी वर्षभर खपते, पण करायची फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांतच. नवी मिरची तेव्हाच बाजारात येते, आणि ती कडक उन्हात वाळवल्याशिवाय डंकावर (मसाला कुटायच्या यंत्रावर) नीट कुटली जात नाही. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी लवंगी किंवा गुंटूर, आणि जुन्या चवीचं गिऱ्हाईक असेल तर गडहिंग्लजच्या बाजारातली थोडी संकेश्वरी. देठं खुडायची, कांदा चिरून वाळवायचा, खोबरं-तीळ-धने भाजायचे, मग सगळं डंकावर. पाऊस सुरू झाला की काम बंद. म्हणजे वर्षभराच्या विक्रीचा सगळा खर्च चार महिन्यांत आधी करायचा आणि पैसे पुढचे आठ-दहा महिने थेंबाथेंबानं गोळा करायचे.

कागदपत्रं बेताची पण ठीक होती. अन्न सुरक्षेची मूळ नोंदणी होती. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असली की ती तेव्हा वर्षाला १०० रुपयांत व्हायची. जीएसटी नव्हता. मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत तो लागत नाही, मात्र माल राज्याबाहेर पाठवायचा नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मी फुकटात करून दिली होती. ती फुकटच असते, पण गावागावात तिचे पाचशे-हजार घेणारे बसलेत.

२०२३ ची चटणी किलोला अशी पडली होती : मिरची २००, खोबरं-तीळ-धने-गरम मसाला ११०, कांदा-लसूण-मीठ २५, तेल आणि गॅस २५, डंक २५, देठं खुडायला आणि भाजायला येणाऱ्या बायकांची मजुरी ३०, पाकीट-लेबल-खोकं २५. एकूण ४४०. घरपोच गिऱ्हाइकाला ६०० नं, दुकानदाराला ५०० नं. दोघींची स्वतःची मजुरी या यादीत कुठेच नाही, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

अकराशे किलोला ४ लाख ८४ हजार लागले. घरातले १ लाख २० हजार, बचत गटाचं कर्ज १ लाख, थोरलीच्या पाटल्या आणि धाकटीचा हार गहाण ठेवून दीड लाख, उरलेले १ लाख १४ हजार मिरचीच्या व्यापाऱ्याची उधारी, बोली दसऱ्याची.

अडचण कशी कळली

दिवाळी झाली आणि दोघी माझ्याकडे आल्या. धाकटीच्या हातात वही, थोरलीच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. धाकटी बारावी कॉमर्स. वही तिनं उत्तम लिहिलेली, दुकानागणिक पान आणि तारीखवार नोंद. ७८० किलो विकली होती. त्यातली ३०० घरपोच, ४८० तेवीस दुकानांना. वहीप्रमाणे घरपोच विक्रीत ४८,००० सुटले, दुकानांत २८,८००. म्हणजे ७६,८०० नफा.

थोरलीनं डबा टेबलावर उलटा केला. अकरा हजार आणि काही चिल्लर.

"सर, वही खोटं बोलतीया का डबा, तेवढंच सांगा."

दोन्ही खरं बोलत होते. घरपोच विक्रीचे १ लाख ८० हजार रोख आले होते. दुकानांकडून २ लाख ४० हजारांपैकी फक्त ८५ हजार. आलेल्या २ लाख ६५ हजारांतून व्यापाऱ्याला ७० हजार, गटाचे हप्ते ६० हजार, सोनंतारणाचं व्याज ९ हजार, पाकीट बंद करायचं यंत्र, काटा आणि लेबलांची छपाई ४० हजार, आणि घरात ७५ हजार गेले होते. पोरांच्या फिया, सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन, गणपती. वेगळा पगार नाही, वेगळं खातं नाही, लागेल तसं डब्यातून काढायचं. ही सवय मी दहातल्या आठ घरगुती धंद्यांत बघतो आणि तिला नावं ठेवणंही जड जातं, कारण धंदा सुरूच मुळी घर चालवायला केलेला असतो.

दुकानांकडे येणं होतं १ लाख ५५ हजार. घरात ३२० किलो माल पडून. व्यापाऱ्याचे ४४ हजार दसरा उलटून महिना झाला तरी बाकी. तो रोज फोन करत नव्हता. दर सोमवारी करायचा, आणि थोरलीला सोमवारचा उपास असायचा. ती म्हणायची, उपासाचं तोंड आणि त्याचा फोन एकदमच येतं.

उधारी इतकी का साचली? तेवीसातली पंधरा दुकानं ओळखीची होती. कुणी माहेरचं, कुणी नवऱ्याच्या वर्गातलं, एक तर सख्खा मावसभाऊ. माल ठेवताना "पैशाचं बघू सावकाश" हे वाक्य दुकानदारानं म्हटलेलं नव्हतं, थोरलीच म्हणायची. न मागता उधार देऊन मोकळी व्हायची. तिच्या सासूनं तिला एकदा ऐकवलं होतं, "भीड भिकेची बहीण हाय बाई." सासूचं ते ऐकून घ्यायला तिला तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

मोठी ऑर्डर

हे एवढंच असतं तर सरळ होतं. वसुली करा, पुढे उधार देऊ नका, झालं. पण डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात धाकटीला फोन आला. पुण्यात सात-आठ मोठी किराणा दालनं असलेल्या एका साखळीच्या खरेदी अधिकाऱ्याचा. त्यानं कुणाच्या तरी घरी ही चटणी खाल्ली होती. दर तिमाहीला ६०० किलो, दर ४७० रुपये, माल पुण्याच्या गोदामात पोचवायचा, पैसे साठ दिवसांनी, न खपलेला माल परत. बारकोड हवा, प्रयोगशाळेचा अहवाल हवा, जीएसटी क्रमांक हवा.

धाकटीच्या डोळ्यांपुढे वर्षाला २,४०० किलो आली. माझ्याही आली, खोटं कशाला बोलू. मी तिथल्या तिथे म्हणालो, घ्या ऑर्डर, मुद्रा या सरकारी योजनेतल्या कर्जाचं मी बघतो, तिच्या किशोर गटात पाच लाखांपर्यंत मिळतं. तो माझा चुकीचा सल्ला. कर्ज मिळेल का, हा प्रश्न मी विचारला. घ्यावं का, हा विचारलाच नाही.

थोरली गप्प होती. निघताना दारात म्हणाली, "म्हंजे आता गावातल्या तेवीस दुकानांऐवजी पुण्यातल्या एका दुकानाला उधार द्यायची, एवढाच फरक ना?"

त्या रात्री मी पहिल्यांदा नीट ताळा मांडला. नफ्याचा नाही, नुसत्या रोखीचा. कुठल्या महिन्यात डब्यात किती येणार आणि किती जाणार.

पर्याय आणि त्यांची किंमत

पहिला पर्याय, ऑर्डर घ्यायची. किलोमागे ४७० उणे ४४०, राहिले ३०. पुण्याची वाहतूक ८. फुटलं-तुटलं आणि परत आलं ते किमान ९ धरलं. राहिले १३. आता कर्ज. जानेवारीत ६०० किलो द्यायची तर हातातल्या ३२० वर आणखी २८० जुन्या हंगामाच्या मिरचीतून करावी लागणार, तिचे १ लाख २३ हजार. त्या मालाचे पैसे मार्चच्या मध्यात येणार, तेही वेळेवर आले तर. आणि बरोबर तेव्हाच पुढच्या वर्षभराची मिरची आणि मसाला घ्यायचा. मार्चअखेरीला जवळजवळ सहा लाख कमी पडत होते. मुद्राचे पाच लाख घेऊनही भोक उरतंच. त्या पाच लाखांवर बारा टक्क्यांनी वर्षाचे साठ हजार व्याज, २,४०० किलोवर विभागलं तर किलोला २५. तेरा रुपये सुटणार आणि पंचवीस व्याजात जाणार.

धाकटीचा मुद्दा होता की एवढी मिरची एकदम घेतली तर स्वस्त पडेल. मुद्दा खरा होता, पण किती स्वस्त ते कुणी लिहून द्यायला तयार नव्हतं.

साठ दिवसांच्या अटीबद्दलही बोलणं झालं. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार काहीही म्हणो. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) लागू झालं. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. धाकटीनं हे फोनवर त्या अधिकाऱ्याला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मग उद्यम नोंदणी नसलेला दुसरा कुणी बघावा लागेल." कायदा आपल्या बाजूनं आणि ऑर्डर त्याच्या हातात, अशी ती गंमत.

दुसरा पर्याय, दुकानं हळूहळू बंद करून सगळी विक्री घरपोच. तिसरा, स्वतःचा माल न करता दुसऱ्यांना मजुरीवर चटणी करून देणं. त्यात भांडवल लागत नाही, पण नाव आपलं राहत नाही. दोघींनी तो पाच मिनिटांत उडवला आणि मला वाटतं बरोबर केलं, कारण त्यांच्याकडे विकण्यासारखं होतं ते थोरलीच्या हाताचं नावच. चौथा पर्याय थोरलीच्या पुण्याच्या दिरानं सुचवला. तीन लाख टाकतो, निम्मी भागीदारी द्या. यावर घरात काय झालं ते मला पूर्ण माहीत नाही. पुढच्या वेळी दोघी आल्या तेव्हा हा पर्याय यादीत नव्हता.

धाकटी अखेरपर्यंत ऑर्डर घ्यायच्या बाजूनं होती. ताळा बघून मी बाजू बदलली. ती मला म्हणाली, "सर, तुम्ही आठवड्यात पलटी मारली." मारली होती.

ऑर्डरला नाही कळवलं.

वसुली

इथे थोरलीनं जे केलं ते मी कुठल्या प्रशिक्षणात ऐकलेलं नाही. मी तिला सांगितलं होतं की तेवीस दुकानांना बाकीच्या चिठ्ठ्या पाठवू. ती म्हणाली, चिठ्ठी गेली की माणूस तुटतो. आधी मी जाऊन येते.

पहिल्या दुकानाला मी तिच्याबरोबर होतो. दुकानदारानं लांबूनच ओळखलं आणि तोंड भरून बोलायला लागला. "वैनी, बसा की. च्या सांगतो." चहा आला. ऊस, पाऊस, पोरीचं लग्न, सगळं बोलून झालं. बाकीचा विषय दोघांनाही माहीत आणि दोघंही काढेनात. मग थोरली म्हणाली, "दादा, पैशाचं ऱ्हाऊ द्या. आपली पाकिटं किती शिल्लक हाईत तेवढी बघूया."

माणूस हलका झाल्याचं चेहऱ्यावर दिसलं. त्यानं धुण्याच्या पावडरीची पोती सरकवली. मागच्या फळीवर, भिंतीला चिकटून, आमची पाकिटं. पाव किलोची सव्वीस. पावसाळ्यात तेल सुटून कागदाच्या लेबलात उतरलेलं, 'लसूण' या शब्दाची शाई पसरून नुसता लाल डाग झालेला. थोरलीनं एक फोडलं, नाकाला लावलं आणि काही न बोलता पिशवीत टाकलं. खोबरं खवट झालं होतं.

अशी तेवीस दुकानं तिनं दोन महिन्यांत पालथी घातली. १ लाख ५५ हजारांच्या येण्यापैकी ६२ हजारांचा माल, १२४ किलो, दुकानांच्या फळ्यांवर तसाच पडून होता. दुकानदार लबाड नव्हते. त्यांनी विकलाच नव्हता तर पैसे कुठून देणार? वहीत जी दुकानांची विक्री म्हणून लिहिली होती तिचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग आमच्या कोठीतून उठून दुसऱ्याच्या कोठीत गेलेला माल होता, एवढंच. शहात्तर हजारांचा नफा तिथेच फुटला, कारण १२४ किलोवर किलोमागे साठ रुपये नफा आपण आधीच धरून बसलो होतो. वर त्यातली वीसेक किलो खवट.

माल काढून घेतल्यावर उरलेले पैसे मागणं सोपं झालं. दुकानदारासमोर आता पाडलेला हिशेब होता, वादाला जागा नव्हती. ५८ हजार रोख आले. त्यातून व्यापाऱ्याचे ४४ हजार जानेवारीत फिटले आणि सोमवारचा फोन थांबला. ३५ हजार अडकले ते तीन दुकानांत, त्यातले २१ हजार मावसभावाकडे.

४५ दिवसांच्या कायद्याचा इथे काही उपयोग नव्हता. आपल्याच गावच्या वाण्यावर, त्यातून मावसभावावर, थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी 'समाधान' पोर्टलवर तक्रार टाकणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

आगाऊ पैसे

२०२४ च्या संक्रांतीला धाकटीनं व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या गिऱ्हाइकांना तिळगुळाबरोबर निरोप धाडला : यंदाची चटणी एप्रिलमध्ये, दर ६००, ज्यांना हवी त्यांनी निम्मे पैसे आत्ता द्यावेत, तेवढीच करणार. कल्पना तिची. मला वाटलं होतं चाळीसेक लोक देतील. १४० कुटुंबांनी ३८० किलो नोंदवली, १ लाख १४ हजार आले. पुण्या-मुंबईतल्या घरांना वर्षाची चटणी एकदम भरायची सवय आहेच. उन्हाळ्यात गावी जाऊन करणं फक्त सुटलंय. त्या सवयीला आपण पैसे आधी मागू शकतो हे दोन वर्षं सुचलं नव्हतं.

सात नोंदण्या बंगळूर आणि हैदराबादच्या होत्या. त्या मी परत करायला लावल्या. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. धाकटी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर त्यातल्या पाच जणांनी पुण्यातल्या नातेवाइकांचे पत्ते दिले.

जुन्या मालाचं काय, हा प्रश्न होता. घरातली ३२० आणि परत आलेली चांगली शंभरेक किलो. थोरलीचा नवरा म्हणाला, नव्यात मिसळा, कुणाला कळतंय. थोरलीनं नुसतं त्याच्याकडे बघितलं. कराडातल्या विद्यार्थ्यांच्या खानावळींना ती पाच-पाच किलोच्या पिशव्यांत गेली, ४५० च्या दरानं, दर शनिवारी रोख. लेबल नाही, खोकं नाही, पाकिटांचे पंचवीस रुपये वाचले. दुकानापेक्षा खानावळ परवडली, हे आम्हाला अपघातानंच कळलं. खवट वीस किलो टाकून दिली.

मिरची पडली

खरेदी फेब्रुवारीतच करा, असं व्यापारी सांगत होता आणि मलाही तेच बरोबर वाटत होतं. पण आगाऊ आलेल्या पैशांतून आधी गटाचा थकलेला हप्ता गेला, आणि खानावळींचे पैसे आठवड्याला थोडे थोडे येत होते. खरेदी शिमग्यापर्यंत लांबली. मधल्या काळात ब्याडगीचे भाव कोसळले. ११ मार्च २०२४ ला कर्नाटकातल्या ब्याडगीच्या बाजार समितीत भाव पडल्यावरून चिडलेल्या शेतकऱ्यांनी कचेरीची तोडफोड केली, गाड्या पेटवल्या. ज्या शेतकऱ्याची मिरची आपण कुटतो त्याच्या घरी तेव्हा काय झालं असेल, हे त्या दिवशी बातम्या बघताना थोरली बोलून गेली. आम्हाला मात्र ती स्वस्त मिळाली. किलोमागे मिरचीचा खर्च २०० वरून १४५ वर आला. लसूण महाग होता, त्यानं दहा रुपये खाल्ले. चटणी ३९५ ला पडली.

यात शहाणपण काडीचं नव्हतं. पैसे नव्हते म्हणून उशीर झाला आणि उशीर झाला म्हणून फायदा झाला. पुढच्या वर्षी भाव चढले तर हीच दिरंगाई अंगावर येईल.

पडलेल्या भावाची बातमी गिऱ्हाइकांनीही वाचली होती. "मिरची उतरली, मग तुमचा दर तोच कसा?" असे निरोप यायला लागले. धाकटी म्हणत होती ५६० करू. थोरलीनं दर तोच ठेवला आणि प्रत्येक नोंदणीबरोबर कारळ्याच्या चटणीचं एक पाकीट फुकट घातलं. माझा कल धाकटीकडे होता. पुढच्या वर्षी मिरची महागली तर दर वाढवायला तोंड राहावं म्हणून उतरल्यावर उतरवणं बरं, असं मला अजूनही वाटतं. पण गिऱ्हाइकं तुटली नाहीत, आणि पुढच्या हंगामात अकरा जणींनी कारळ्याची चटणी विकत मागितली, हेही खरं.

निष्पत्ती

२०२४ च्या हंगामात ९०० किलो केली, आधीच्या वर्षापेक्षा दोनशे कमी. मार्च २०२५ पर्यंत घरपोच ५२०, खानावळींना २६०, आणि रोख देणाऱ्या चार दुकानांना ९० किलो गेली. ८७० किलोवर १ लाख ३७ हजार सुटले, आणि या वेळी तेवढेच पैसे खात्यात दिसत होते. खातं आता वेगळं आहे. ऑक्टोबरमध्ये पाटल्या आणि हार सुटून घरी आले.

हा आकडा ऐकून कुणी हुरळून जाऊ नये. दोघींनी हंगामात आणि नंतर मिळून प्रत्येकी १२० दिवस तरी काम केलं. शेतातल्या मजुरीच्या जवळपास, ३०० रुपये रोज धरला तरी ७२ हजार त्यांची मजुरीच झाली. धंद्याचा म्हणून नफा ६५ हजार. अकराशे किलोच्या वर्षी मजुरी अशी धरली असती तर काय निघालं असतं ते मी दोघींना दाखवलं नाही. त्यांनी स्वतः काढलं असणार.

मावसभावाचे २१ हजार आलेले नाहीत. वहीत ते पान उघडंच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

दुकानाला उधार देताना 'विकेल तसे पैसे' असं सरळ ठरवून, महिन्याला फेरी मारून शिल्लक पाकिटं मोजली असती तर ६२ हजारांचा माल पावसाळ्याआधीच परत येऊन घरपोच गेला असता. खवट झालेली वीस किलोसुद्धा वाचली असती. वहीत 'दिला' आणि 'विकला' अशी दोन वेगळी घरं हवी होती. हिशेबनीस म्हणून ती मी आखून द्यायला हवी होती.

गट होताच, तर केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून गटाच्या सभासदाला तेव्हा ४० हजारांपर्यंत बीज भांडवल मिळायचं, ते २०२३ मध्येच मागता आलं असतं. आम्ही त्या योजनेकडे फक्त यंत्राच्या ३५ टक्के अनुदानासाठी बघत होतो. यंत्र अडत नव्हतं, मार्चमधली रोकड अडत होती.

आणि ती मोठी ऑर्डर. हा विषय आमच्यात अजून मिटलेला नाही. मिरची उतरून चटणी किलोला पंचेचाळीस रुपयांनी स्वस्त पडल्यावर धाकटीनं माझाच कागद माझ्यासमोर ठेवला. "बघा सर, घेतली असती तर व्याज जाऊन तेहतीस सुटले असते." गणित बरोबर होतं. पण डिसेंबरात मिरची पडणार हे कुणाला माहीत नव्हतं, आणि पावसाळ्यात किती पाकिटं तेल सुटून परत आली असती तेही या गणितात नाही. तेव्हा जे ठाऊक होतं त्यावर 'नाही' म्हणणं चूक नव्हतं, असं मी तिला सांगितलं.

तेव्हा ती म्हणाली, "ते खरं. पण आपण त्याला सहाशेच्या जागी दीडशे घेता का, दोनच दालनांत ठेवता का, असं एकदा तरी विचारलं का?"

नव्हतं विचारलं. त्यानं सहाशे म्हटलं आणि आम्ही तिघंही सहाशेवरच भांडत बसलो. हो किंवा नाही, याच्या मधली जागा कुणी चाचपलीच नाही.

त्या अधिकाऱ्याचा नंबर तिच्या फोनमध्ये अजून आहे. २०२५ च्या हंगामात तिनं साठ किलो वेगळी काढून ठेवली, कागदाच्या जागी तेल न झिरपणाऱ्या पाकिटांत. थोरलीनं विचारलं ही कुणाची, तर म्हणाली, "आक्का, ही माझी हाय. बघू."